खडपे साहेबांचा चहा

दारात आलेला माणूस पाणीसुद्धा घेत नाही म्हणजे काय? मी काय त्यात विष कालवलं होतं?

पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर पट्ट्या, बगलेत चामड्याची बॅग आणि हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. पेणच्या माझ्या गणपतीच्या कारखान्यात कस्टमचा साहेब आला तो असा. वैशाखाचं ऊन, अंगणात पाय ठेववत नव्हता. मी स्वतः तांब्या-भांडं घेऊन पुढे गेले. मी म्हणजे द्वारकाबाई. ज्या बाईसमोर पेणचे व्यापारी चपला काढून उभे राहतात ती.

"नको बाई. माझं आहे माझ्याकडे," त्याने बाटली उंच करून दाखवली.

"उन्हातून आलात साहेब. वाळा घातलाय पाण्यात."

"नको."

नुसतं नको. हसणं नाही, हात जोडणं नाही. माझ्या सुनेने, सुलभाने, चहा आणला तर त्याने ट्रेकडे बघितलंही नाही. पोहे आणले ते तसेच परत गेले. मी सावलीत खुर्ची मांडायला लावली, तर म्हणाला, "तिथून कंटेनरचं दार दिसत नाही." आणि उन्हात जाऊन उभा राहिला खांबासारखा.

"आई, अगं खडपे साहेब तसेच आहेत म्हणतात," मुकुंद माझ्या कानाशी लागला. मुकुंद माझा मुलगा. शिकलेला, पण साहेब दिसला की आवाज बारीक होतो त्याचा.

"तसेच म्हणजे कसे? आईने शिकवलं नाही का त्याला काही?"

"हळू बोल ना."

"माझ्या अंगणात मी हळू का बोलू?"

खडपेंनी ऐकलं असणार. पण मान वळवली नाही.

आता हा माणूस माझ्या दारात आला कशाला होता ते सांगते. आमचे गणपती विलायतेला त्याआधीही जात होते, पण मुंबईच्या व्यापाऱ्याच्या नावाने. खोक्यावर त्याचं नाव आणि आत माझे डोळे. डोळ्यांची आखणी आमच्याकडे मीच करते, सासूबाई गेल्यापासून दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, पण ब्रश हातात घेतला की हात थरथरला नाही कधी. त्या वर्षी पहिल्यांदा लंडनची ऑर्डर थेट आमच्या नावावर आली. खोक्यावर छापलं होतं, 'द्वारका मूर्ती कारखाना, पेण'. मुकुंद म्हणाला, बाबांचं नाव घालू. मी म्हटलं, बाबांचं दुकानाच्या पाटीवर आहे, खोक्यावर माझं घाल.

तेव्हाची पद्धत अशी होती की, कंटेनर कारखान्याच्या दारात यायचा. कस्टमच्या साहेबासमोर माल भरायचा. साहेब दाराला सील ठोकणार, आणि ते सील मग लंडनला पोचल्यावरच तुटणार. मधे बंदरावर कोणी खोकी उघडायची नाहीत. पुढच्या सगळ्यांचा भरवसा त्या एका सीलवर. संध्याकाळपर्यंत गाडी न्हावाशेवाला पोचली नाही तर आमची बोट चुकणार होती.

ही ऑर्डर आणून दिली होती शेखर नाबरने. मुंबईचा, तिकडच्या मंडळांशी ओळखी असलेला, कागदपत्रं सगळी तोच करायचा. मला मावशी म्हणायचा. आल्याबरोबर वाकून नमस्कार, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बशीत ओतून चहा. संपला की, "मावशी, अजून एक घोट!" असा माणूस मला कळतो. त्या दिवशीही सकाळपासून त्याचे किती कप झाले त्याला हिशोब नव्हता.

"मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो मला म्हणाला. "कस्टमवाले असेच. आधी ताठ राहायचं, मग हळूच हात पुढे करायचा. मी बघतो त्याचं."

तो पेढ्यांचा पुडा घेऊन खडपेंकडे गेला. "साहेब, देवाचं काम आहे. प्रसाद घ्या."

"प्रसाद देवापुढे ठेवल्यावर होतो," खडपे म्हणाले. "हा दुकानातून आलाय. दोरा पण सुटला नाही अजून."

उत्तर मला आवडलं. पण मी चेहरा तसाच ठेवला.

आमची पोरं खोकी उचलून कंटेनरमध्ये नेत होती. प्लास्टरचा गणपती आतून पोकळ असतो, मोठा दिसला तरी गडी एकटा खांद्यावर घेऊन चालतो. खडपेंच्या हातात कागद होते, पण त्यांचं लक्ष कागदात नव्हतं. ते पोरांच्या चालण्याकडे बघत होते. मला वाटलं, काय बघतो हा मेला, नाचतायत का ती?

मग माझा कारागीर बाळाराम आणि आणखी एक गडी, दोघं मिळून एक खोकं घेऊन निघाले. दोघांच्या मानेच्या शिरा वर आलेल्या.

"थांबा," खडपे म्हणाले. "ते खाली ठेवा. उघडा."

"भरलेलं खोकं उघडायचं?" मी पुढे झाले.

"हो."

"का?"

"बघायचंय."

असा बोलायचा. जणू शब्दाला पैसे पडतात.

ते खोकं नाबरचं होतं. त्याच आठवड्यात तो एक गणपती गाडीतून घेऊन आला होता. पाटावर बसवलेला, वर पिवळं वस्त्र, पुढे विडा-सुपारी. म्हणाला, "मावशी, लंडनच्या एका भक्ताचा नवस आहे. मूर्ती मुंबईत करून घेतली. तुमच्या मालाबरोबर जाऊ दे." मी हो म्हटलं. आजही म्हणेन. आमच्याकडे गिऱ्हाईक आपला पाट घेऊन येतं, त्या पाटावर गणपती बसवून घरी नेतं. पाटावरून आलेल्या देवाला जागा नाही असं कोणी म्हणत नाही. आणि एकदा डोळे आखले की त्याला ठोकून बघायचं नाही, उलटा करायचा नाही, आणि पाटावर बसला की विसर्जनापर्यंत त्यावरून हलवायचा नाही. त्यामुळे जड लागला तरी कोणी काही बोललं नाही. बाळारामने एका गड्याला हाताशी घेऊन पाटासकट उचलला आणि खोक्यात ठेवला.

खोक्यातून मूर्ती बाहेर आली. खडपेंनी भोवती एक फेरी मारली.

"उलटा करा."

अंगणातली सगळी कामं थांबली. बाळारामने मूर्तीवरचा हात काढून घेतला.

"साहेब, त्याचे डोळे आखलेत," मी म्हटलं.

"मग?"

"मग उलटा करत नाहीत. माझ्या अंगणात तर नाहीच."

"बाई, बोटीत लाटा असतात. तिथे उलटा झाला तर?"

"ते समुद्राने बघावं. माझ्या डोळ्यांदेखत माणसाने करायचं नाही."

"खालची बाजू बघितल्याशिवाय मी सील लावणार नाही."

"आणि मी उलटा करू देणार नाही."

"साहेब, उशीर होतोय," नाबर मधे पडला. "बोट चुकली तर मावशींचं नाव पहिल्याच ऑर्डरला जाईल. गरीब बाई आहे हो."

"गरीब कोणाला म्हणतोस रे?" मी त्याच्यावर खेकसले.

खडपे माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. मग म्हणाले, "दोन स्टुलं आहेत?"

मला कळेना, ह्याला आता बसायचंय की काय. सुलभाने रंगकामाची दोन स्टुलं आणून दिली. त्यांनी ती मधे फट ठेवून मांडली. बॅगेतून बॅटरी काढली. आणि त्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात तो माणूस माझ्या अंगणातल्या लाल मातीत चक्क उताणा झोपला! डोकं स्टुलांच्या मधे.

"आधी तुमचा एखादा ठेवा," खालून आवाज आला. "सरळच. मी खालून बघतो."

पोरांना हसू आवरेना. मी डोळे वटारले, पण माझ्याही पोटात हसू फुटत होतं. बाळारामने आमचा एक गणपती स्टुलांवर ठेवला.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"पोकळ आहे. काथ्या दिसतोय. प्लास्टर दाबल्याची बोटं उठलीयत."

"ती बाळारामची."

"अंगठा वाकडा आहे का त्याचा?"

बाळारामने आपला अंगठा मागे लपवला. लहानपणी गिरणीच्या पट्ट्यात सापडलेला तो. मी मनात म्हटलं, माणूस तुसडा आहे, पण नजर आहे.

आमचे आणखी दोन-तीन असेच बघून झाले. मग नाबरचा.

"इथे पाट आहे मधे," खडपे म्हणाले. "पाट काढा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाटाला तडा गेला तर बदलावा लागतो कधी, त्याला वाट असते. मी पुढे सुपारी ठेवली, अक्षता टाकल्या, म्हटलं, बाबा रे, घटकाभर अधांतरी राहा, मग तुझा तू मोकळा. बाळारामने आणि दुसऱ्या गड्याने मूर्ती उचलली. मी पाट सरकवायला हात घातला.

पाट हलेना.

"ओढ गं सुलभा," मी म्हटलं. दोघींनी ओढला. मूर्तीबरोबर तोही वर. मी कडेने बोट फिरवलं. पाट आणि मूर्ती यांच्यामधे प्लास्टर भरलेलं होतं, गुळगुळीत.

"काकी, चिकटवलाय," बाळाराम म्हणाला.

मी उभी राहिले. उन्हाने नव्हे, पण कानशिलं तापली माझी.

"नाबर, हा पाट कोणाचा?"

"त्या भक्ताचाच, मावशी."

"मग विसर्जन झाल्यावर तो घरी कसा नेणार?"

"म्हणजे?"

"देव पाण्यात जातो. पाट घरी येतो. चिमूटभर वाळू ठेवून, डोक्यावर घेऊन. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पाटावर. हा तर देवाबरोबर बुडणार."

"वाटेत हलू नये म्हणून केलं असेल हो," नाबर हसला. "तिकडे एवढं कुठे पाळतात!"

"जो नवस बोलतो तो पाळतो."

तो पुन्हा हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. आणि माझ्या मनात आलं की, ह्या गणपतीचं विसर्जन कोणाला करायचंच नाहीये. ह्याला पाण्यात घालायला कोणी नेत नाहीये.

खडपे उठून उभे राहिले होते. पाठभर लाल माती. "बाई, मला हा मागून फोडावा लागेल. तुम्ही अडवलंत तर पोलीस बोलावून फोडेन. पण फोडेन."

"तुम्ही थांबा," मी म्हटलं.

मी आत जाऊन रॉकेलची वाटी आणि फडकं घेऊन आले. एवढ्या वर्षांत किती डोळे आखले त्याची गणती नाही. पुसले कधी नव्हते. हे माझे नव्हते, कोणा भाड्याच्या रंगाऱ्याने ओढलेले होते, डावं बुबुळ खाली उतरलेलं. तरी डोळे ते डोळे. मी हात जोडले, आणि एकेक करून पुसून काढले. पांढरं, कोरं तोंड राहिलं.

"आता हे नुसतं प्लास्टर आहे," मी खडपेंना म्हटलं. "बाळाराम, पटाशी आण. मागून घे. हळू."

नाबर म्हणाला, "मावशी, तुम्ही हे काय करताय? भक्ताला मी काय सांगू?"

"आधी मला सांग काय आहे आत."

बाळारामची पटाशी पाठीत शिरली. प्लास्टरचा मोठा पापुद्रा सुटला. आत गोणपाट गुंडाळलेलं. गोणपाट फाडलं तर काळा दगड. बाळारामचे हात थांबले. मग तो पटाशी टाकून बोटांनीच प्लास्टर काढू लागला, ओल्या बाळाला पुसावं तसा.

देवी होती. मांडी घालून बसलेली, काळ्या दगडाची. नाक झिजून सपाट झालेलं, हळद-कुंकू लावून लावून झिजतं तसं. कपाळाच्या खाचेत जुनं कुंकू अजून होतं. कोणत्या तरी गावात रोज सकाळी कोणीतरी तिच्या अंगावर पाणी घालत असणार. आणि एके दिवशी जाऊन बघितलं तर चौथरा रिकामा.

सुलभा रडायलाच लागली. मी कुंकवाची कोयरी आणायला वळले.

"हात लावू नका बाई," खडपे म्हणाले. "पुरावा आहे."

"पुरावा तुमचा असेल. माझ्या दारात देवी उघडी बसायची नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला. "कुंकू नको. वरून कापड टाका."

मी पेटीतला नवा खण आणून तिच्या खांद्यावरून घातला.

नाबर तोवर त्याच्या गाडीपाशी पोचला होता. पण फाटकात कंटेनर आडवा उभा होता. खडपेंनी सकाळीच ड्रायव्हरला तसा लावायला सांगितलं होतं, आणि मी त्यावरूनही कुरकुर केली होती की, आमच्या माणसांनी यायचं-जायचं कुठून.

दुपारी पोलीस आले आणि कस्टमचे वरचे साहेब आले. आणि नाबर एकदम दुसराच माणूस झाला. मावशी नाही, नमस्कार नाही.

"मी नुसते कागद करतो साहेब. माल यांचा, कारखाना यांचा, खोक्यावर नाव यांचं. कागदावर सही यांच्या मुलाची. या बाईला सगळं ठाऊक होतं."

"अरे, तू आणलास तो गणपती!" मुकुंद ओरडला.

"कोणी बघितलं? सगळे तुमचेच नोकर आहेत इथे. आणि ह्या खडपेंना विचारा. सकाळपासून यांचा पाहुणचार चाललाय. हिश्श्यावरून बिनसलं म्हणून आता साळसूदपणा. यांचा शब्द काय धरता?"

वरच्या साहेबांनी मुकुंदकडे बघितलं. पोलिसाने त्याला म्हटलं, "चला, तुम्हाला ठाण्यावर यावं लागेल." मुकुंदचं तोंड पांढरंफटक पडलं. माझ्या नावाची खोकी ओळीने मांडलेली, आणि त्यांच्यासमोर माझ्या मुलाचा हात पोलिसाने धरलेला. माझी जीभ पहिल्यांदा टाळ्याला चिकटली.

खडपे म्हणाले, "सर, पाट चिकटवलेला आहे हे यांनीच उघड केलं. डोळे यांनी पुसले, मूर्ती यांनी फोडायला लावली. माहीत असतं तर हे केलं नसतं."

"ते बरोबर आहे," वरचे साहेब म्हणाले. "पण आरोप तुमच्यावरही आहे खडपे. मला विचारावं लागेल. इथे काही घेतलंत तुम्ही?"

"नाही."

"सगळे असंच म्हणतात," नाबर म्हणाला.

आणि माझी जीभ सुटली.

"घेतलं? ह्या माणसाने? अहो साहेब, तुम्ही वरचे ना यांचे? मग माझी तक्रार आधी ऐका. सकाळी मी स्वतः, ह्या हाताने, वाळ्याचं पाणी घेऊन पुढे गेले. नको म्हणाले! चहा आणला, आल्याचा, नको. पोहे आणले, वर ओलं खोबरं, बघितलंसुद्धा नाही. खुर्ची मांडली तर उन्हात उभे. ह्या नाबरने पेढे नेले तर म्हणतात दोरा सुटला नाही! माझ्या दारात कलेक्टर आला तरी पाट मांडून जेवला, आणि हे साहेब घरून बाटली घेऊन येतात, जसं काही मी महारोग्यांची वस्ती चालवते. इतका अपमान माझ्या सासूनेही केला नाही माझा. असला माणूस तुम्ही लोकांच्या घरी पाठवता कशाला? विचारा, कोणालाही विचारा! त्या ड्रायव्हरला विचारा, तो तर माझा नोकर नाही ना?"

कंटेनरचा ड्रायव्हर आधी फिसकन हसला. "खरंय साहेब. काकू सकाळपासून त्यांच्या नावाने बोटं मोडतायत. मी तीन कप प्यालो, ह्यांनी एक घोट नाही घेतला."

वरच्या साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवत होते ते. "बाई, हे सगळं जबाबात घालू?"

"घाला. खोबऱ्यासकट घाला. मी सही करते, अंगठा नाही."

त्यांनी लिहून घ्यायला लावलं. वरचे साहेब पोलिसाला म्हणाले, "मुलाला सोडा. जबाब इथेच घ्या त्याचा. खडपे म्हणतात यांना ठाऊक नव्हतं, तर मी ते धरतो."

पोलिसाने मुकुंदचा हात सोडला.

मी खडपेंकडे बघितलं. पाठभर माती, ओठ सुकून पापुद्रे आलेले, बाटली केव्हाच रिकामी झालेली. अंगणातला पाण्याचा पंप त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. तेवढ्यात सुलभा सगळ्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि सवयीने आधी त्यांच्याकडे वळली.

"सुलभा, आत ने तो," मी म्हटलं.

"का? आता तर..."

"आत ने म्हणते ना."

खडपेंनी माझ्याकडे बघून मान जराशी लववली. एवढंच.

बोट चुकली ती चुकलीच. कंटेनर अडकून पडला. दुसऱ्या दिवशी खडपे पुन्हा आले, नवा गणवेश, भरलेली बाटली. उरलेले सगळे गणपती स्टुलांवर चढवून, स्वतः मातीत झोपून, एकेक खालून बघितला. एकही उलटा केला नाही. मग दार लावलं आणि सील ठोकलं. ठोकून झाल्यावर ओढून बघितलं, मान वाकडी करून लांबून बघितलं. डोळे आखून झाल्यावर मी बघते तसं. माझा माल पुढच्या बोटीने गेला आणि चतुर्थीच्या आधी पोचला. त्याच मंडळांनी पुढच्या वर्षी दुप्पट मागवले.

कोऱ्या तोंडाचा तो गणपती मी नदीत सोडला. देवी पुष्कळ महिने सरकारी खोलीत बसून राहिली आणि मग घाटावरच्या आपल्या गावाला गेली. त्या गावच्या बायका टेम्पो करून मला बघायला आल्या. माझी ओटी भरली, आणि देवीच्या फोटोत मी घातलेला तो खण दाखवला. अजून तोच पांघरलेला आहे म्हणाल्या.

पुढे पद्धत बदलली. आता साहेब कोणी येत नाही, सील कारखान्यानेच लावायचं, बंदरावर यंत्र खोक्याच्या आरपार बघतं. नातू सगळं कॉम्प्युटरवर करतो. डोळे मात्र अजून मीच आखते. जाड भिंगाचा चष्मा लावून, पण मीच.

गेल्या वैशाखात एक माणूस आला. साधा बुशशर्ट, डोक्यावर केस नाहीत, काखेत पाट. मी म्हटलं, गिऱ्हाईक दिसतंय. मग त्याच्या हातातली बाटली दिसली.

"खडपे!"

"ओळखलंत?"

"बाटलीला ओळखलं. तुम्ही काय, कोणीही असता."

ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले. न सांगता बसले, सावलीत. म्हणाले, "रिटायर होऊन वर्ष झालं. गणपती सांगायला आलोय. इतकी वर्षं दादरला रांगेत उभं राहून घेत होतो."

"पेण सोडून दादरला?"

"इथे कोणीतरी ओळखलं असतं. कमी भावात दिला असता. मग पुढच्या कंटेनरला मी कसा बघणार?"

मी पाट हातात घेतला. चांगला शिसवी होता, मधे गणपती ठेवून ठेवून गोल डाग पडलेला. उलटा करून बघितला.

"चिकटवलेला नाही," ते म्हणाले.

"कळतं मला."

त्यांनी बाटली खुर्चीखाली सरकवून ठेवली. घसा खाकरला. "चहा मिळेल का, बाई?"

मी सुलभाला हाक मारली नाही. स्वतः उठले, गुडघे धरून आत गेले, आलं किसलं, चहा केला. कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. सुलभा, मुकुंद, नातू, बाळाराम, सगळे दारात येऊन उभे राहिले होते, जसा काही सिनेमा आहे.

त्यांनी एक घोट घेतला. तोंडात घोळवला. आणि काय म्हणावं माणसाने?

"आलं जरा जास्त झालंय."

बाळाराम तोंड फिरवून हसला. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"खडपे, पाहुणा म्हणून तुम्ही तेव्हाही नालायक होतात आणि आजही नालायक आहात. पण दारावर बसवायला मला कोणी माणूस निवडायला सांगितला ना, तर मी तुम्हालाच बसवीन, आणि निर्धास्त झोपेन. आता मुकाट्याने प्या. निवला तर दुसरा करून द्यायची नाही मी."